आडनाव ‘उभे’, हजेरी बसून

गेल्या अंकात ‘रोजच्या व्यवहारात भेटलेली विचित्र आणि गमतीशीर नावे’ या विषयावर आपले प्रश्न आणि अनुभव कळवावेत, असे आवाहन याच पानावरून केले होते. पत्रे आली ती बहुतेक नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचाच काय तो फरक आहे. बऱ्याच पत्रांची सुरुवात नावे ठेवण्याने झाली असली तरी ते नाव मुळात ठेवले कोणी आणि का, हे कुतूहलही त्यांत होते, म्हणून ती उत्तरासाठी निवडली. कोणाची ओळख पटू नये यासाठी पूर्ण नावे गाळली आहेत. पत्रलेखकांपैकी काहींनी स्वतःच्या सासरच्या आडनावाचीच थट्टा केलेली असल्याने त्यांची केवळ वस्ती दिली आहे.

प्रश्न : आमचे आडनाव दहातोंडे. सासरचे मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात असून दोन वर्षांपूर्वी आम्ही पंचवटीत राहायला आलो. शाळेच्या स्नेहसंमेलनात रामायणातील एक प्रवेश बसवायचा ठरला, तेव्हा बाकीच्या भूमिकांसाठी मुलांना वाचायला लावले गेले. रावणासाठी मात्र बाईंनी थेट माझ्या मुलाकडे बोट दाखवले. तेव्हापासून सगळा वर्ग त्याला रावण म्हणतो. आडनाव बदलून घ्यावे का? — एक वाचिका, पंचवटी

उत्तर : काळाराम मंदिर आणि सीतागुंफा ज्या वस्तीत आहेत, तेथे दहातोंडे हे आडनाव घेऊन राहायला जाणे हा योगच असा आहे की मुलांनी त्याचा फायदा घेतला नसता तरच नवल. पण संख्येवरून पडलेली आडनावे मराठीत इतकी आहेत की त्यांची उजळणी म्हणता येईल : एकबोटे, सातपुते, सातभाई, अष्टपुत्रे, नवपुते, दहातोंडे, हजारे, सहस्रबुद्धे आणि शेवटी थेट कोटीभास्कर. यांतील सातपुते, अष्टपुत्रे, सातभाई ही तर सरळसरळ कुटुंबाची मोजदाद आहे. कोणा एका पिढीत घरात मुलगे किती होते हे गावाच्या लक्षात राहिले आणि पुढच्या पिढ्यांना, घरात एकुलते एक मूल असले तरी, तेच आडनाव चालत आले. ‘घरात खाणारी तोंडे किती’ असे आपण आजही विचारतो. दहातोंडे हे त्याच मोजणीतले मानायला माझी तरी हरकत नाही, आणि मुलाला सांगायला हा अर्थ रावणापेक्षा जास्त सोयीचा आहे.

त्याला एकदा संध्याकाळी गोदाघाटावर घेऊन जा आणि दुतोंड्या मारुती दाखवा. ‘दुतोंड्या’ हा शब्द माणसाला लावला तर ती शिवी होते. येथे मात्र ते पाठीला पाठ लावून दोन दिशांना पाहणाऱ्या देवाचे नाव आहे, आणि गोदावरीला पूर आला की सारे नाशिक याच दुतोंड्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवते. पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, असे निरोप सराफ बाजारापर्यंत पोहोचतात आणि त्यावरून दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायचा की नाही ते ठरवतात.

आडनाव बदलणे कायद्याने शक्य आहे. त्यासाठी राज्य शासनाच्या राजपत्रात तो बदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो आणि मग शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत एकेक कागद दुरुस्त करत बसावे लागते. माझे मत विचाराल तर तसे करू नये. रावणाची भूमिका मात्र मुलाने जरूर करावी. त्या प्रवेशातली सर्वांत चांगली वाक्ये त्याच्याच वाट्याला येतात.

प्रश्न : मी बँकेत रोखपाल होतो. टोकनचे यंत्र येण्यापूर्वी आम्ही खिडकीतून आडनाव पुकारत असू. एके दिवशी हिवाळे, उन्हाळे आणि पावसे एकापाठोपाठ आले आणि रांगेत हशा पिकला. दुसऱ्या एका दिवशी मी ‘झोपे!’ असे मोठ्याने पुकारले, तेव्हा बाकावर पेंगत असलेले एक भलतेच गृहस्थ दचकून उठले आणि ‘नाही हो, जागा आहे मी’ असे मलाच रागावून म्हणाले. अशी क्रियापदासारखी आडनावे कशी तयार झाली असावीत? — एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : आपल्या या अनुभवाला माझ्याकडे जोड आहे. शिक्षकी पेशातला माझा पहिलाच दिवस होता, वर्ग सातवीचा, आणि हजेरीपट माझ्या हाताने लिहिलेला नसल्यामुळे मी एकेक आडनाव सावकाश वाचत होतो. एका ओळीवर येऊन मी ‘उभे’ असे म्हटले आणि बाके सरकल्याचा आवाज होऊन अख्खा वर्ग उभा राहिला. मागून तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा तेवढा बसून राहिला होता. त्याने शांतपणे हात वर केला आणि तो ‘हजर’ म्हणाला. त्याचेच आडनाव उभे होते, आणि ते पुकारले की उठायचे नसते हे त्या वर्गात त्याच्या एकट्याच्याच अंगवळणी पडले होते.

आता प्रश्नाकडे वळू. मराठी आडनावांच्या शेवटी येणारा एकार हा बहुतेक वेळा घराण्याचे अनेकवचन दाखवतो. काळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या घरचे सगळे ते काळे, गोऱ्याच्या घरचे ते गोरे, बोडक्याच्या घरचे ते बोडके. असाच एकार आपल्या व्याकरणातल्या रीतिभूतकाळालाही असतो : ‘तो पहाटे उठे, देवळात जाई, दुपारी झोपे.’ त्यामुळे जळगावकडचे झोपे आणि अकोल्या-संगमनेरकडचे हसे एका रांगेत उभे राहिले की कोणी जुनी गोष्ट सांगायला बसला आहे असे वाटू लागते.

मात्र आडनावाचा अर्थ जसा ऐकू येतो तसाच असतो असे समजू नये. मोऱ्यांचा मोराशी संबंध असेलच असे नाही, त्यांचे नाते अभ्यासक मौर्यांशी जोडतात. साळुंखे साळुंकी पक्ष्यावरून आले असे वाटते, पण त्यामागे चालुक्य हे राजघराणे सांगितले जाते. शेलारांमागे शिलाहार आणि कदमांमागे कदंब. तसेच फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांच्या शेवटचा ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस आणि फारसी पत्रव्यवहार लिहिणारा तो पारसनीस. म्हणजे तुमच्या खिडकीसमोर पोतनीस आडनावाचे गृहस्थ उभे असतील, तर पूर्वी खिडकीच्या आतल्या बाजूला तेच बसलेले असणार.

प्रश्न : आमचे गाव शिंदे, आडनाव पळसकर. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने ‘कुठले?’ असे विचारले, मी ‘शिंदे’ म्हणालो. तो म्हणाला, ‘आडनाव नाही, गाव विचारतोय.’ मी पुन्हा ‘शिंदे’ म्हणालो. सिन्नर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. — एक वाचक, शिंदे, ता. नाशिक

उत्तर : पुणे रस्त्यावरची शिंदे आणि पळसे ही जोडगावे टोलनाक्यामुळे आता दूरदूरच्या वाहनचालकांना ठाऊक झाली आहेत. आपल्या सहप्रवाशाला बहुधा टोलनाका लागला नसावा.

आपल्या पत्रावरून एक मुद्दा सांगण्याजोगा आहे. गावाच्या नावाला ‘कर’ लावून झालेले आडनाव गाव सोडल्यावर लागते, गावात राहून नव्हे. सिन्नरमध्ये सगळेच सिन्नरचे, तेथे कोणाला सिन्नरकर म्हणून काय ओळखणार? तो निफाडला किंवा पुण्याला जाऊन स्थायिक झाला की तेथल्या लोकांना त्याच्या मूळ गावाचा उपयोग होतो. म्हणून ‘कर’वाले आडनाव हा एक प्रकारे स्थलांतराचा दाखलाच होय. नाशिकच्या ज्या कवीला आपण कुसुमाग्रज म्हणून ओळखतो त्यांचे शिरवाडकर हे आडनाव निफाड तालुक्यातील शिरवाडे या गावावरून आलेले आहे. जन्माच्या वेळी त्यांचे नाव गजानन रंगनाथ असे होते. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. आणि कुसुम या बहिणीचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, म्हणून कुसुमाग्रज. एका माणसाची तीन नावे, पैकी आई-वडिलांनी ठेवलेले आज फारच थोड्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : ज्या शहराचे नावच कापलेल्या नाकावरून पडले आहे, त्या शहराच्या रहिवाशांनी इतरांच्या नावांना हसावे का? — एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : हसू नये. लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका कापली ती येथे, ही कथा सर्वश्रुत आहे. नऊ शिखरांवर वसलेले म्हणून ‘नवशिख’, अशीही एक उपपत्ती आहे. ‘कृते तु पद्मनगरं त्रेतायां तु त्रिकण्टकम् । द्वापरे च जनस्थानं कलौ नासिकमुच्यते ॥’ या श्लोकात तर चार युगांची चार नावे दिली आहेत. मुसलमानी अमलात शहराला गुलशनाबाद म्हणत आणि पेशवाईत जुने नाव परत आले. पद्मनगर आणि गुलशनाबाद अशी दोन फुलांची नावे हाताशी असूनही लोकांनी नाकच धरून ठेवले, हे मला विशेष वाटते. पांडवलेण्यांतील चैत्यगृहाच्या दारावरच्या दानलेखात ‘नासिककानं’, म्हणजे नासिककरांचे, असा शब्द कोरलेला आहे. तेव्हा नाव चांगलेच जुने आहे.

प्रश्न : माझ्या पणजोबांचे नाव केरू आणि त्यांच्या भावाचे दगडू. धाकट्या भावाच्या लग्नपत्रिकेत कुलवृत्तान्त छापायचा आहे, परंतु घरातील तरुण मंडळींना ही नावे नकोत. केरूऐवजी केदारनाथ छापावे असे त्यांचे म्हणणे आहे. — एक वाचक, सिडको

उत्तर : केदारनाथ छापू नये. ते नाव फार चांगले असले तरी आपल्या पणजोबांचे नाही, आणि त्यांच्या जिवासाठी त्यांच्या आईने जे केले ते या बदलाने पुसले जाईल.

ज्या घरात मुले जगत नसत, एक गेले, दुसरे गेले, त्या घरात पुढचे मूल झाले की त्याचे नाव मुद्दाम कोणी मागू नये असे ठेवत. केरू, दगडू, धोंडू, भिकू ही सारी त्याच जातकुळीतली नावे आहेत. कित्येक घरांत तान्ह्या मुलाला क्षणभर केरात किंवा उकिरड्यावर ठेवून कोणा शेजारणीने उचलून आणायचे आणि आईने ते तिच्याकडून पसाभर धान्य देऊन घ्यायचे, असाही विधी होत असे. कल्पना अशी की मूल आपले नाहीच, केरातून सापडले आहे, मग त्याला दृष्ट कोण लावणार आणि यम तरी कशाला शोधत येणार? ज्या बाईने हे नाव ठेवले तिला ‘केर’ या शब्दाचा अर्थ आपल्याइतकाच ठाऊक होता. दगडू आणि केरू असे दोघे भाऊ ज्या घरात आहेत, त्या घरात त्यांच्या आधी काय घडले असेल, हे जुन्या नात्यातल्या एखाद्या आजींना विचारून पाहा. मला वाटते, कुलवृत्तान्तात सर्वांत आधी छापण्याजोगे तेच असेल.

याच जातीचे दिसणारे, पण अगदी उलट्या हेतूने ठेवलेले एक नाव म्हणजे नकुशा किंवा नकोशी. पहिल्या दोन-तीन मुलींवर आणखी एक मुलगी झाली म्हणून ठेवलेले हे नाव. केरूच्या नावात मूल जगावे ही धडपड होती. नकुशाच्या नावात ती नव्हती. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली आणि त्यांतल्या काहींनी आवडत्या नटीचे नाव निवडले. तेथे नाव बदलणे योग्यच होते. आपल्या पणजोबांच्या बाबतीत तसे नाही.

प्रश्न : नातवाच्या जन्मदाखल्यावर त्याच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असे छापून आले आहे. आमच्या इमारतीतील ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर त्याची फार थट्टा होते; ही नवी थेरे आहेत, असे म्हणतात. — एक आजोबा, पाथर्डी फाटा

उत्तर : राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे याच क्रमाने नोंदवायची आहेत. ‘नवी थेरे’ म्हणणाऱ्यांना आपल्या कट्ट्यावरूनच समोरचा पांडवलेण्यांचा डोंगर दाखवावा. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती सातवाहन राजाची आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षी तिने तो कोरवून घेतला आणि त्यात आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे पराक्रम सांगितले. गौतमीचा पुत्र तो गौतमीपुत्र आणि वासिष्ठीचा तो वासिष्ठीपुत्र. दोघेही राजे, आणि दोघांच्याही नावात आई आधी आली आहे. आपल्या नातवाच्या दाखल्यावर निदान त्याचे स्वतःचे नाव तरी पहिले आहे.

प्रश्न : आमचे आडनाव दाते. मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तेथे त्याला ‘मिस्टर डेट’ अशी हाक मारतात. त्याचे सासरे साने आहेत, ते भेटीला गेले तेव्हा त्यांना ‘सेन’ म्हणाले. हा अपमान समजावा का? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : साने यांनी तरी समजू नये, कारण इंग्रजीत त्या उच्चाराचा अर्थ डोके ठिकाणावर असलेला माणूस असा होतो, आणि व्याह्यांविषयी असे प्रमाणपत्र परक्या माणसाकडून सहसा मिळत नाही. रोमन लिपीत गेलेल्या मराठी आडनावांचे हे हाल नवे नाहीत. काळे हे तिकडच्या एका पालेभाजीचे नाव होते, माने घोड्याची आयाळ होतात, मोरे ‘आणखी’ होतात, आणि गोरे यांच्या वाट्याला तर सांडलेले रक्त येते. स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवून यातून वाट काढणारे लोक मला माहीत आहेत. पण मग पारपत्र एका स्पेलिंगचे आणि दहावीचे प्रमाणपत्र दुसऱ्या, अशी अवस्था होते आणि दोन्ही कागदांवरचा माणूस एकच आहे हे शपथेवर सांगावे लागते. त्यापेक्षा ‘डेट’ला ओ देणे सोपे.

प्रश्न : आमच्याकडे कामाला येणाऱ्या त्र्यंबकेश्वरकडच्या आजी ‘सोमवार’ हा शब्द कधीही उच्चारत नाहीत. श्रावणात सुटी मागताना त्या ‘महादेवाच्या वारी येणार नाही’ असे सांगतात. आधी आम्हाला ही भक्ती वाटली. पुढे कळले की त्यांच्या यजमानांचे नाव सोमा आहे. असे नाव आणि असा नेम इतरत्र कोणी पाहिला आहे का? — एक वाचिका, त्र्यंबक रोड

उत्तर : जन्मवारावरून नाव ठेवण्याची रीत त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या आदिवासी भागात आजही दिसते. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळू, बुधवारचा बुधा. पतीचे नाव तोंडाने न घेण्याची रीत तर सर्व समाजांतल्या जुन्या बायकांत होती, आणि म्हणूनच लग्नात उखाण्यातून ‘नाव घेणे’ हा एवढा मोठा प्रसंग ठरला. एरवी जे घ्यायचे नाही ते त्या एका दिवशी यमक जुळवून, लाजत, चारचौघांत घ्यायचे. या दोन रीती एका घरात आल्या की आठवड्याचा एक वारच घरातून हद्दपार होतो. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटलेल्या गर्दीत राहून तो शब्द टाळणे सोपे नसणार. आजींनी काढलेली वाट सुरेख आहे.

असाच एक प्रसंग माझ्या ओळखीच्या घरात घडलेला आहे. तेथील आजी शिधापत्रिकेसाठी एकट्याच कार्यालयात गेल्या होत्या. खिडकीतल्या कारकुनाने पतीचे नाव विचारले. आजी गप्प राहिल्या. त्याने पुन्हा विचारले, तेव्हा मागे कोणी ओळखीचे आहे का ते पाहून त्या हळूच म्हणाल्या, ‘रविवारच्या दुसऱ्या दिवशी जे येतं, ते लिहा.’ कारकून कामात होता, मागे रांग होती, त्याने सांगितले ते लिहिले. पत्रिका हातात आली तेव्हा तीवर पतीचे नाव ‘सोमवार’ असे होते. दुरुस्तीसाठी नवा अर्ज भरावा लागला, आणि त्या अर्जाच्या दुसऱ्याच ओळीत पतीचे नाव विचारलेले होते.